अल्झायमरचं औषध आलं, सांभाळणाऱ्याचं काय?

मेंदूविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात अलीकडे एक प्रश्न हमखास येतो. आईचे रिपोर्ट घेऊन बसलेला मुलगा मोबाइलवरची बातमी पुढे करतो आणि विचारतो, "डॉक्टर, ते नवीन इंजेक्शन आलंय म्हणे. आईला देता येईल का?" बातमी खोटी नसते. शंभरेक वर्षं ज्या आजारापुढे वैद्यकशास्त्र हात टेकून होतं, त्याच्या मुळाशी जाणारी औषधं २०२३ आणि २०२४ साली खरोखरच बाजारात आली. तरीही बहुतेक वेळा डॉक्टरांचं उत्तर 'नाही' असं असतं. ते 'नाही' का, आणि त्यानंतर घरी जाऊन करण्यासारखं काय उरतं, हे समजून घेतलं तर अल्झायमरच्या संशोधनाचं आजचं चित्र बरंच स्पष्ट होतं.

फ्रँकफुर्टची रुग्ण

१९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाईंना दाखल केलं गेलं. नवऱ्यावर विनाकारण संशय, वस्तू कुठेतरी लपवून ठेवणं, स्वयंपाकात गोंधळ, आणि पाठोपाठ आठवणीच निसटत जाणं. तिथले डॉक्टर आलोइस अल्झायमर त्यांच्याशी बोलून प्रश्नोत्तरं टिपून ठेवत. १९०६ मध्ये बाई वारल्या तेव्हा डॉक्टर म्युनिकला होते. मेंदू त्यांच्याकडे पाठवण्यात आला. चांदीच्या क्षारांनी रंगवलेले काप सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर त्यांना दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या बाहेर साचलेली कसली तरी पुटं आणि पेशींच्या आत झालेला धाग्यांचा गुंता. त्याच वर्षी ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं, तेव्हा सभागृहातून एक प्रश्नही आला नाही. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

ती पुटं कशाची, हे कळायला १९८४ साल उजाडलं. अमेरिकेत जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी त्यातलं प्रथिन वेगळं केलं. तेच आज बीटा-अमायलॉइड म्हणून ओळखलं जातं. पेशींच्या आतला गुंता टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा निघाला. १९९१ मध्ये लंडनला ॲलिसन गोट आणि जॉन हार्डी यांच्या गटाने एका कुटुंबात अमायलॉइड तयार करणाऱ्या जनुकातला बिघाड शोधला. त्या कुटुंबात हा आजार ऐन पन्नाशीत, पिढ्यानपिढ्या येत होता. इथून एक सरळ तर्क निघाला: आधी अमायलॉइड साचतं, त्यामुळे टाऊ बिघडतं, मग पेशी मरतात आणि शेवटी माणूस विसरू लागतो. म्हणजे अमायलॉइड काढून टाकलं की आजार थांबायला हवा.

प्रत्यक्षात हा तर्क तीस वर्षं रखडला. बापिन्यूझुमॅब, सोलानेझुमॅब, वेरूबेसेस्टॅट अशी एकामागून एक औषधं मोठ्या चाचण्यांत नापास झाली. २००६ साली 'नेचर'मध्ये छापून आलेला आणि हजारो वेळा उद्धृत झालेला एक शोधनिबंध त्यातल्या चित्रांमधल्या फेरफारामुळे २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला. त्याने अमायलॉइडचा सिद्धान्त कोसळला नाही, कारण त्याला इतर बरेच पुरावे होते. पण या क्षेत्रावरचा विश्वास डळमळला. एव्हाना एक अडचणही लक्षात आली होती. पुटं साचायला लागतात ती विसरण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी. नातेवाईक रुग्णाला घेऊन डॉक्टरांकडे येतात तोवर पेशी मरायला लागून बराच काळ लोटलेला असतो.

अठरा गुणांपैकी अर्धा

या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर जुलै २०२३ मध्ये लेकानेमॅबला अमेरिकेची पूर्ण मान्यता मिळाली आणि जुलै २०२४ मध्ये डोनानेमॅबला. दोन्ही औषधं म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडं. ती शिरेतून देतात. मेंदूत पोचून ती अमायलॉइडला चिकटतात आणि शरीराची सफाई यंत्रणा तिथे ओढून आणतात. पुटं खरोखर साफ होतात, स्कॅनवर ते डोळ्यांना दिसतं. त्याआधी २०२१ मध्ये ॲड्युकॅनुमॅबला तज्ज्ञ समितीचा सल्ला डावलून मान्यता दिली गेली होती. निषेध म्हणून समितीतल्या तिघांनी राजीनामे दिले आणि २०२४ मध्ये कंपनीनेच ते औषध गुंडाळलं. त्या मानाने ही दोन औषधं भक्कम पुराव्यानिशी आली.

पण पुरावा नेमका कशाचा, हे बारकाईने पाहायला हवं. लेकानेमॅबच्या चाचणीत १,७९५ जण होते, सगळे आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातले. आजार मोजायला जी पट्टी वापरली तिच्यात सहा बाबी असतात: स्मरण, स्थळकाळाचं भान, निर्णयशक्ती, बाहेरचे व्यवहार, घरातली कामं-छंद आणि स्वतःची निगा. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण, एकूण अठरा. गुण जितके जास्त तितका आजार पुढे गेलेला. दीड वर्षाने, औषध नसलेलं इंजेक्शन मिळालेल्यांचे गुण सरासरी १.६६ ने वाढले आणि औषध मिळालेल्यांचे १.२१ ने. फरक ०.४५. मथळ्यांत छापून आलेलं '२७ टक्के' ते हेच: १.६६ च्या जागी १.२१. डोनानेमॅबच्या १,७३६ जणांच्या चाचणीत ज्यांच्या मेंदूत टाऊ अजून फारसं पसरलेलं नव्हतं त्यांची घसरण सुमारे ३५ टक्के मंदावली. सगळ्यांचा हिशेब केला तर २२ टक्के.

औषध घेणाऱ्यांचे गुणही वाढतच गेले, हे इथे विसरू नये. उतारावरून निघालेल्या गाडीला थोडा ब्रेक लागला; गाडी थांबली नाही, मागे तर मुळीच आली नाही. घरच्यांना फरक जाणवायला किमान एक गुणाचं अंतर हवं, असं मानणारे बरेच तज्ज्ञ आहेत. दुसऱ्या बाजूला काहींचं म्हणणं असं, की सुरुवातीच्या टप्प्यातले काही महिने स्वतःचे निर्णय स्वतः घेता आले, तर त्या महिन्यांना मोल आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

धोकाही आहे. अमायलॉइड मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असतं. ते उपसताना त्या भिंती झिरपू लागतात आणि मेंदूला सूज येते किंवा बारीक रक्तस्राव होतो. लेकानेमॅब घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के लोकांत अशी सूज दिसली, डोनानेमॅबमध्ये सुमारे २४ टक्के. बहुतेकांना काही जाणवत नाही, पण क्वचित जीव जातो. डोनानेमॅबच्या चाचणीत याच्याशी जोडलेले तीन मृत्यू झाले. अपोई-४ या जनुकाच्या दोन्ही प्रती असणाऱ्यांना धोका सर्वाधिक. लेकानेमॅबच्या चाचणीत त्यांच्यातल्या जवळपास तिघांपैकी एकाला सूज आली. म्हणून आधी जनुकाची तपासणी, उपचार चालू असताना वारंवार एमआरआय, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत फार जपून निर्णय.

दवाखान्यातल्या त्या मुलाला 'नाही' का ऐकावं लागतं, ते आता समजेल. आई नातवंडांची नावं विसरते, अंघोळीला मदत लागते, म्हणजे आजार मधल्या टप्प्यात गेलेला असतो. या औषधांची चाचणी त्या टप्प्यात झालेलीच नाही. वर खर्च. लेकानेमॅबची अमेरिकेतली सुरुवातीची किंमत वर्षाला २६,५०० डॉलर होती, तेव्हाच्या दराने सुमारे २२ लाख रुपये. स्कॅन आणि इस्पितळाचा खर्च वेगळा. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये दोन्ही औषधांबद्दल मत दिलं, की खर्चाच्या मानाने लाभ फार थोडा आहे. आपल्याकडे आजही भिस्त आहे ती डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मीन, मेमँटीन या जुन्या, जेनेरिक स्वरूपात मिळणाऱ्या औषधांवर. ती आजाराच्या मुळाला हात लावत नाहीत, पण काही काळ लक्ष आणि वागणूक थोडी सावरतात.

रक्ताच्या चाचणीचा मोह

खरी झेप घेतली आहे ती निदानाने. मेंदूत अमायलॉइड आहे की नाही, हे जिवंत माणसात कळण्याचे दोनच मार्ग कालपरवापर्यंत होते: महागडा पेट स्कॅन, नाहीतर पाठीच्या मणक्यात सुई घालून काढलेलं पाणी. आता टाऊचा एक विशिष्ट तुकडा, पी-टाऊ २१७, रक्तात मोजता येतो. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या तत्त्वावरच्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली.

परवानगी आहे ती ज्यांना लक्षणं आहेत त्यांच्यासाठी, तीही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये घालून पन्नाशीतल्या धडधाकट माणसाने करून घ्यायची ही चाचणी नव्हे. अमायलॉइड असूनही मरेपर्यंत ज्यांची स्मरणशक्ती शाबूत राहिली, अशी माणसं पुष्कळ आहेत. त्यांच्या हातात 'पॉझिटिव्ह' असा कागद दिला तर उरलेली वर्षं ते चष्मा कुठे ठेवला हे विसरले तरी घाबरतील.

उलट आपल्याकडे जास्त गरज आहे ती साध्या तपासण्यांची. विसरणं वाढलं की सगळाच अल्झायमर नसतो. बी-१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत ती नवी नाही), थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या, पडल्यानंतर कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त, यांनीही माणूस भ्रमिष्टासारखा वागतो आणि यातलं बरंच काही दुरुस्त होतं. एखादे आजोबा दोन दिवसांत एकदम बरळू लागले, तर तो अल्झायमर नव्हे. लघवीचा जंतुसंसर्ग, मीठ कमी होणं, बद्धकोष्ठ, न्यूमोनिया यांचा शोध आधी घ्यायचा. "वय झालं, चालायचंच" म्हणून थांबण्यात सर्वांत मोठं नुकसान होतं ते अशा बऱ्या होणाऱ्या रुग्णांचं.

वेल्समधली एक जन्मतारीख

उपचारांचे दुसरे रस्तेही चाचपले जात आहेत. मधुमेह आणि वजनासाठी गाजलेलं सेमाग्लुटाइड अल्झायमरवर चालेल, अशी मोठी आशा होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांवरच्या दोन चाचण्यांचे निकाल लागले: आजार मंदावला नाही. त्याच वर्षी हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवलं, की मेंदूतलं नैसर्गिक लिथियम अल्झायमरमध्ये घटतं आणि त्याचा एक विशिष्ट क्षार दिल्यावर उंदरांची स्मृती सुधारते. उंदीर या आजारातून आजवर अनेकदा बरे झाले आहेत, माणसं नाहीत. त्यामुळे लिथियमच्या गोळ्या ऑनलाइन मागवण्याची घाई नको.

सर्वांत लक्षवेधी निष्कर्ष मात्र एका सरकारी नियमातून निघाला. वेल्समध्ये १ सप्टेंबर २०१३ पासून नागिणीची लस द्यायला सुरुवात झाली. ज्यांची ८० वर्षं पूर्ण झालेली होती त्यांना ती मिळणार नव्हती, म्हणजे २ सप्टेंबर १९३३ च्या आधी जन्मलेले बाहेर आणि त्यानंतरचे आत. या तारखेच्या अलीकडे-पलीकडे आठवडाभराने जन्मलेल्या माणसांत एरवी काय फरक असणार? खाणंपिणं तेच, शिक्षण तेच, डॉक्टर तेच. फरक फक्त लस मिळण्याचा. संशोधकांनी या दोन गटांच्या नोंदी सात वर्षं पाहिल्या, तेव्हा लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी निघालं, आणि हा लाभ स्त्रियांत अधिक दिसला. २०२५ मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं. कारण अजून पक्कं कळलेलं नाही. नागिणीचा विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो आणि तो जागा होण्याने मेंदूत दाह होत असावा, हा एक अंदाज. औषध कंपनीची एकही चाचणी न करता, निव्वळ जन्मतारखांच्या यादीतून इतका मोलाचा धागा हाती लागला.

आपल्या हातातलं

टाळता येण्याजोगं किती, याचा हिशेब 'लॅन्सेट'ने नेमलेला तज्ज्ञ आयोग वेळोवेळी मांडतो. २०२४ च्या अहवालात चौदा कारणं दिली आहेत: अपुरं शिक्षण, बहिरेपणा, वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल, नैराश्य, डोक्याला मार, व्यायामाचा अभाव, मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, अति मद्यपान, एकटेपणा, हवेचं प्रदूषण आणि दृष्टी अधू होणं. ही सगळी दूर झाली तर जगातले ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबतील, असं आयोग म्हणतो. हा आकडा सबंध समाजाचा आहे. रोज फिरायला जाणाऱ्या एखाद्या गृहस्थाला दिलेली हमी नव्हे. पण ही यादी पुन्हा वाचून पाहा. हेल्मेट, बीपीची गोळी, कानाचं यंत्र, मोतीबिंदूचं ऑपरेशन, मुलींची शाळा. यात न परवडणारं जवळपास काही नाही.

कानाचंच घ्या. आपल्याकडे चष्मा लावायला कुणी लाजत नाही, पण कानाचं यंत्र म्हटलं की "मला नीट ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता" हे उत्तर ठरलेलं. ऐकू येईनासं झालं की माणूस गप्पांतून, कीर्तनातून, लग्नकार्यातून हळूहळू अंग काढून घेतो आणि मेंदूचा खुराक तुटतो. अमेरिकेतल्या ९७७ जणांच्या चाचणीत सर्वांना मिळून यंत्राचा फायदा दिसला नाही. पण ज्यांना मुळातच धोका अधिक होता, त्यांची बौद्धिक घसरण तीन वर्षांत जवळपास निम्म्याने मंदावली.

भारतातलं चित्र २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून समोर आलं. साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. त्यांतला मोठा वाटा अल्झायमरचा. पुरुषांत ५.८ टक्के, स्त्रियांत ९ टक्के. शहरांत ५.३, खेड्यांत ८.४ टक्के. हा आजार शहरी, सुखवस्तू घरांचा, असा आपला समज असतो. आकडे उलटं सांगतात. स्त्रिया आणि खेडी जिथे मागे राहिली ती जागा म्हणजे शाळा.

शाळेची उणीव थोडीफार भरून काढणारं एक निरीक्षणही भारतातलंच. डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २०१३ मध्ये मांडलं, की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांतही हा फरक होता. दिवसभर एका भाषेतून दुसरीत ये-जा करताना मेंदूला जी तालीम होते, तिचा हा परिणाम असावा. सगळ्याच देशांतल्या अभ्यासांत असं दिसलेलं नाही. तरी सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू सहज बोलणाऱ्या आजींना हे वाचून बरं वाटायला हरकत नाही.

गोव्यातली घरभेट

आता आपण त्या 'नाही'च्या पुढे येऊ. आजार जडलेला आहे, नवं औषध लागू नाही, मग काय?

गोव्यात २००० च्या सुमारास संशोधकांनी वयस्क माणसांच्या कुटुंबांशी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांशी बोलून पाहिलं, तेव्हा लक्षणं सगळ्यांना ओळखीची निघाली, पण तो आजार आहे असं कुणाला वाटत नव्हतं. पुढे डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 'संगत' संस्थेच्या कामातून एक प्रयोग केला. गोव्यातल्या दोन तालुक्यांतली ८१ कुटुंबं घेतली. निम्म्यांकडे लगेच, उरलेल्यांकडे सहा महिन्यांनी, घरभेट देणारे सल्लागार जाऊ लागले. हे सल्लागार डॉक्टर नव्हते की नर्स नव्हते. स्थानिक भाषा येणारी, लिहितावाचता येणारी आणि वयस्कांसाठी काम करायची आच असलेली माणसं निवडून त्यांना थोडक्यात पण कसून शिकवलं होतं. मागे आधाराला मानसोपचारतज्ज्ञ होते.

सल्लागार पंधरा दिवसांतून एकदा तरी घरी जात. आजार काय आहे ते सांगत, अमुक वागण्याला कसं तोंड द्यायचं ते दाखवत, सरकारी पेन्शनसारख्या योजनांचे अर्ज भरायला मदत करत, आणि मुख्य म्हणजे सांभाळणाऱ्याचं ऐकून घेत. सहा महिन्यांनी या घरांतल्या सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलेलं आणि त्रासाची तीव्रता घटलेली दिसली. रुग्णाच्या कामं करण्याच्या क्षमतेत मात्र ठोस फरक पडला नाही. हा अहवाल २००८ चा.

रुग्ण सुधारला नाही, मग मिळवलं काय, असं कुणी विचारेल. मिळवलं ते हे, की घर उभं राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार स्मृतिभ्रंशाच्या जागतिक खर्चातला निम्मा भाग म्हणजे घरच्यांनी बिनपगारी केलेली शुश्रूषा. दिवसाला सरासरी पाच तास, आणि त्यातले ७० टक्के तास बायकांचे. हा खांब मोडला तर रुग्णाची औषधं कोण देणार? ब्रिटनमध्येही सांभाळणाऱ्यांना आठ बैठकांत शिकवणारा असाच एक उपक्रम झाला; नैराश्य कमी झाल्याचा परिणाम सहा वर्षांनंतरही टिकून होता. तो चालवणाऱ्या जिल लिव्हिंगस्टन याच 'लॅन्सेट'च्या आयोगाच्याही प्रमुख.

या शिकवण्यात असतं तरी काय? संध्याकाळचे सहा वाजलेत. स्वतःच्याच घरात बसलेल्या सासूबाई उठून दाराशी जातात: "मला घरी जायचंय." सून म्हणते, "अहो आई, हेच आपलं घर. तीस वर्षं राहताय इथे." सासूबाई चिडतात, दार ओढतात, रडतात. सून खरं तेच बोलली, पण ते खरं धरून ठेवणारा मेंदूचा भाग आता काम करत नाही. 'घरी जायचंय' याचा अर्थ बहुधा भीती वाटतेय, भूक लागलीय किंवा लघवीला जायचंय असा असतो. म्हणून शिकवतात ते असं: वाद घालायचा नाही. दिवेलागणीच्या आधीच खोलीत भरपूर उजेड करायचा, चहा-बिस्किटं द्यायची, बाथरूमकडे न्यायचं. तरीही ऐकलं नाही तर "चला, निघू या" म्हणत सोसायटीला एक फेरी मारून परत आणायचं.

किंवा बांगड्यांचा आरोप. "माझ्या पाटल्या तूच घेतल्यास!" हे सर्वांत जास्त सांभाळ करणाऱ्या सुनेलाच ऐकावं लागतं, कारण सतत समोर तीच असते. पाटल्या स्वतःच तांदळाच्या डब्यात ठेवल्याची आठवण पुसली गेली आहे. रिकामी जागा मेंदू संशयाने भरतो. ऑगुस्टे डेटर यांचा नवऱ्यावरचा संशय याच जातीचा. इथे खुलासा करून उपयोग नसतो; "अरेच्चा, कुठे गेल्या? चला शोधू" हे चालतं. अंघोळीच्या वेळी "कपडे काढा, बसा, पाणी घ्या" असं एका दमात सांगितलं तर काहीच होत नाही. एका वेळी एकच सूचना, प्लास्टिकचं स्टूल, खांद्यावर टॉवेल, अंगावर एकदम न ओतलेलं पाणी. बाथरूमची आतली कडी काढून टाकायची, वापर नसताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद ठेवायचा, खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेलं कार्ड ठेवायचं, आणि वॉचमन, किराणा दुकानदार, रिक्षा स्टँड यांना आजाराची कल्पना द्यायची. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृतचे प्राध्यापक हत्तीच्या मागे चालत निघून जातात. ते दृश्य पडद्यावरचं असलं तरी दार उघडं राहिल्यावर माणूस हरवतो, हे अशा घरांत नित्याचं आहे.

आक्रमकपणा आवरण्यासाठी दिली जाणारी मनोविकारांवरची (अँटिसायकॉटिक) औषधं शेवटचा उपाय म्हणून, थोड्या काळासाठीच. स्मृतिभ्रंश असलेल्या वयस्कांत ती मृत्यूचा धोका वाढवतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे.

आणखी एक काम निदान झाल्याबरोबर करायचं, कारण त्याला मुदत असते: कागदपत्रं. आईने मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिलं, आता पुढची काळजी मिटली, असं अनेकांना वाटतं. पण आपल्या करार कायद्यानुसार, देणाऱ्याची सारासार बुद्धी गेली की असा अधिकार संपुष्टात येतो. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच तो निरुपयोगी. नंतर पालक म्हणून नेमणूक व्हायला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणून मृत्युपत्र, संयुक्त खाती, नॉमिनी, आणि पुढच्या उपचारांबद्दल आईची स्वतःची इच्छा हे सगळं सुरुवातीच्या टप्प्यात, ती स्वतः बोलू शकते तोवर उरकायचं. लवकर निदान होण्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा फायदा सध्या इंजेक्शन नव्हे, हाच आहे.

मदतीचे काही दरवाजे उघडे आहेत. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून काम करते. केंद्र सरकारची १४४१६ ही 'टेलिमानस' आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन मोफत आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीत वृद्धांची आणि मानसिक आरोग्याची काळजी कागदावर आहेच. गोव्यातल्या प्रयोगाला ना स्कॅनर लागला, ना महागडं औषध; निवडलेली माणसं, त्यांचं प्रशिक्षण आणि नियमित घरभेट एवढंच लागलं. आशाताई आज गरोदर बाईच्या घरी जाते, तशी वेगळा मोबदला आणि प्रशिक्षण घेऊन विसरणाऱ्या आजोबांच्या घरीही गेली, तर आणखी एखाद्या औषधाची वाट न पाहता पुढच्याच वर्षी लाखो घरांना फरक पडेल.

नवी औषधं येत राहतील, अधिक सुरक्षित आणि स्वस्तही होतील. त्यांच्यावरचं संशोधन चालूच राहायला हवं. पण ०.४५ गुणांच्या फरकासाठी लाखो रुपये मोजायला जग तयार असेल, तर सांभाळणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळावी यासाठी काही हजार मोजणं हासुद्धा उपचारांचाच भाग धरायला हवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रुग्णाच्या गोळ्यांखाली आणखी एक ओळ असावी: घरी सांभाळतं कोण, त्यांची झोप किती, त्यांचा बीपी किती, आणि त्यांच्या जागी दुसरं कोण बसू शकतं. ती ओळ डॉक्टरांनी आपणहून लिहिली नाही, तर इंजेक्शनबद्दल विचारायच्या आधी नातेवाइकांनी ती लिहून मागावी.